‘आयटीआय तरी’ मधला ‘तरी’

दहावीचा निकाल लागला की आठवड्याभरात माझ्या दाराची बेल वाजते. दांडिया बाजारातलं नाहीतर रावपुऱ्यातलं ओळखीचं कुणीतरी असतं, बरोबर मान खाली घातलेला मुलगा. चहा होतो, इकडच्या तिकडच्या गोष्टी होतात आणि मग विषय निघतो, “काका, टक्के कमीच पडले हो. निदान आयटीआय तरी होतंय का, बघा ना.”

बत्तीस वर्षं मी बडोद्यातल्या एका आयटीआयमध्ये, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, फिटर ट्रेडचा इन्स्ट्रक्टर होतो, म्हणून लोक माझ्याकडे येतात. त्यांनी यावं असंच मला वाटतं. खुपतो तो ‘तरी’. मुलगा शेजारी बसून तो ऐकत असतो. आपली पुढची दोन वर्षं ज्या शिक्षणात जायची आहेत ते उरलेल्यांसाठी आहे, हे त्याला प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधीच कळतं. जुलै-ऑगस्टमध्ये असा मुलगा वर्कशॉपमध्ये उभा राहतो तेव्हा त्याला कानस (धातू घासायचं हत्यार) धरायला शिकवण्याआधी मान वर करायला शिकवावं लागतं. त्यात पहिले दोन महिने जातात.

देशाला तंत्रशिक्षण हवं, कुशल हात हवेत, याबद्दल आता कुणाचं दुमत नाही. भाषणात सगळेच ते म्हणतात. कारागीर प्रशिक्षणाची केंद्राची योजना १९५० पासून आहे, शिकाऊ उमेदवारांसाठीचा अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे, देशभरात चौदा हजारांहून जास्त आयटीआय आहेत. तेव्हा योजनांची आणि इमारतींची वानवा हे आपलं मूळ दुखणं नाही. आपण हाताचं शिक्षण आणि डोक्याचं शिक्षण अशी दोन ताटं मांडली आणि पहिलं ताट दुसऱ्या पंगतीला वाढलं. दुसऱ्या पंगतीला जे उरतं तेच मिळतं, मग त्या पंगतीतून उठणाऱ्यांनी देशाचे कारखाने उत्तम चालवावेत ही अपेक्षा आपण कुठल्या तोंडाने करायची?

हे मी बडोद्यात बसून लिहितो आहे याला कारण आहे. ही दोन ताटं एक करण्याचा प्रयत्न याच गावात झालेला आहे.

१८९० साली सयाजीराव महाराजांनी इथे कलाभवन काढलं. ते चालवायला त्यांनी माणूस निवडला तो त्रिभुवनदास गज्जर. रसायनशास्त्राचे एम.ए., बडोदा कॉलेजात प्राध्यापक, आणि घराणं सुरतेच्या सुतारांचं. गुजरातीत गज्जर म्हणजेच सुतार. रंधा, पटाशी आणि गुण्या ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होते, त्यानेच प्रयोगशाळेतली रसायनं हाताळली होती. अशा माणसाच्या हाती संस्था दिल्यावर तिथे हात आणि डोकं वेगळं करण्याचा प्रश्नच आला नाही. कापड रंगवणं, विणकाम, यंत्रकाम, वास्तुकाम, चित्रकला असे विषय तिथे होते. शिकवायचं ते लोकांच्या भाषेत, हा गज्जरांचा आग्रह होता. इंग्रजी न येणाऱ्या कारागिराच्या मुलालाही रंगामागचं रसायन कळू शकतं, यावर त्यांचा विश्वास होता. त्या काळात हा विश्वास ठेवणारे थोडे होते. आजही फार नाहीत.

त्या भिंतींतून काय निघालं ते पाहा. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतून इकडे आले आणि कलाभवनात छायाचित्रण शिकले. १९१३ साली त्यांनी पहिला भारतीय कथापट पडद्यावर आणला. त्यामागची कल्पनाशक्ती सगळे आठवतात. पण कच्च्या फिल्मला भोकं पाडणं, ती अंधारात धुणं, छापणं हेही त्यांच्या घरातच चाललं होतं आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचे हात त्यात होते. रसायन आणि यंत्र अंगवळणी पडलेलं नसतं तर ती कल्पना कागदावरच राहिली असती. १९०७ साली अलेम्बिक या औषध कंपनीची स्थापना झाली, तिच्या मुळाशी गज्जर आणि त्यांचे विद्यार्थी कोटीभास्कर व अमीन होते. आज बडोद्याभोवती औषधं आणि रसायनांच्या कारखान्यांचा जो पसारा आहे त्याचं एक मूळ थेट त्या वर्गांपर्यंत जातं.

महाराजांनी अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं ते १८९३ मध्ये, आणि १९०६ मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केलं. म्हणजे कलाभवन हे शाळेऐवजी नव्हतं, शाळेच्या बरोबरीने होतं. वाचता येणारं राज्य आणि बनवता येणारं राज्य ही दोन कामं त्यांनी एकाच काळात हाती घेतली. पुढे १९४९ साली विद्यापीठ झालं आणि कलाभवन त्याची तंत्रज्ञान-अभियांत्रिकी शाखा बनलं. इंजिनिअर घडले, पॉलिटेक्निक आजही तिथे आहे, याचा मला अभिमानच आहे. पण आठवी-दहावी शिकलेल्या कारागिराच्या मुलासाठी जो मार्ग होता तो वेगळ्या आवारात, वेगळ्या खात्यात आणि वेगळ्या मानात गेला. गोरव्याचं किंवा तरसाळीचं आयटीआय आणि कलाभवन यांच्यात फार अंतर नाही, रिक्षाने लवकरच पोचता. इतक्या वर्षांत माझ्या वर्गातला मुलगा तिथली प्रयोगशाळा बघायला गेला नाही, की तिथला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आमच्याकडे वेल्डिंगचा टाका पाहायला आला नाही.

आता वर्कशॉपमध्ये काय शिकवतात ते जरा सविस्तर सांगतो. ‘हातकाम’ या शब्दाने मोठा गैरसमज झालेला आहे.

फिटरच्या मुलाला सुरुवातीला पोलादाची एक पट्टी देतात. ती व्हाइसमध्ये पकडायची, कानसने घासून सपाट करायची, मग गुण्या लावून उजेडाकडे धरायची. कडेखालून उजेडाची बारीक रेघ दिसली की पुन्हा कानस. असे दिवसच्या दिवस जातात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय ही हमाली! पण या दिवसांत त्याच्या डोळ्यांत माप उतरत असतं. व्हर्नियर या सूक्ष्म मापकावर ०.०२ मिलिमीटर वाचायला तो आठवड्यात शिकतो. तेवढा फरक बोटाच्या टोकाला जाणवायला मात्र वर्ष जातं. कानस कुठे जास्त बसली, खांदा कुठे उचलला गेला, पट्टी का गोलावली, या प्रत्येक चुकीला कारण असतं आणि ते त्यालाच शोधावं लागतं. पोलाद कुणाची भीड ठेवत नाही. उत्तर चुकलं तर जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा, जागी बसत नाही, तिथे कुणाला विनवून चालत नाही.

एक मुलगा मला कायम आठवतो. गणितात दोनदा नापास झालेला, मग कसाबसा सुटलेला. त्याला लेथवर (कातयंत्रावर) टेपर काढायचा होता, म्हणजे एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक असा दांडा. मोठा व्यास ४०, लहान ३०, लांबी ५० मिलिमीटर. मी फळ्यावर लिहिलं, कोन ५ अंश ४३ मिनिटं. तो जागचा हलेना. म्हणाला, “साहेब, हा आकडा आला कुठून?” मी सांगितलं, दोन व्यासांतला फरक १०, त्याचा निम्मा ५, भागिले लांबी ५०, म्हणजे ०.१. आता तक्त्यात बघ, कुठल्या कोनाचा टॅन्जंट ०.१ आहे. त्याने तक्ता काढला, कोन शोधला, कंपाउंड स्लाइड फिरवून बसवली, कट घेतला. मग दांड्याला निळा रंग लावून तो भोकात बसवून पाहिला, रंग सगळीकडे सारखा उमटला. दांडा हातात धरूनच त्याने विचारलं, “दहावीत जे टॅन होतं ते हेच का, साहेब?”

हेच. दहावीत त्याच्यापुढे त्रिकोण होता, दांडा नव्हता, म्हणून तो नापास झाला. आपल्या शाळांनी अशा किती मुलांना मठ्ठ ठरवलं असेल? आणि उलटही खरं आहे. टॅन्जंटचं सूत्र पाठ असलेली, नव्वद टक्के मिळवणारी किती मुलं त्या दांड्यापुढे गोंधळून उभी राहतील? दोघांचंही शिक्षण अर्धं झालं. मी फक्त आयटीआयच्या मुलांची बाजू मांडत नाही. नव्वद टक्केवाल्याचंही काहीतरी हिरावून घेतलेलं आहे, आणि ते त्याच्या आईवडिलांच्या ध्यानात येत नाही.

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो हलका नाही. गरिबाच्या, दलिताच्या मुलाला ‘हाताचं शिक्षण’ देणं म्हणजे त्याला पुन्हा बापाच्या कामाला जुंपणं, आणि वरच्यांची मुलं मात्र कॉलेजात. ही भीती कल्पनेतली नाही. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींच्या (सी. राजगोपालाचारी) सरकारने अशी योजना आणली होती की मुलांनी दिवसाचे काही तास शाळेत बसावं आणि उरलेल्या वेळात आईबापांचा धंदा शिकावा. चांभाराच्या मुलाने चांभारकाम, न्हाव्याच्या मुलाने न्हावीकाम. लोक खवळले आणि वर्षभरात ती योजना गुंडाळावी लागली. खवळले ते बरोबरच होतं. धंदा जन्माने नेमून देणं याला शिक्षण म्हणताच येत नाही.

म्हणून माझी मागणी नेमकी उलटी आहे. कारागिराच्या मुलाला कारागिरीकडे वळवा असं मी म्हणत नाही. वकिलाच्या, डॉक्टरच्या, प्राध्यापकाच्या मुलीला सहावीपासून कानस, करवत, सोल्डरिंग, मातीचा वाफा यातलं काहीतरी रीतसर शिकवा, त्याला गुण द्या आणि ते सगळ्यांना सक्तीचं करा. महात्मा फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाविषयीच्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत मोडी, बालबोध, हिशेब यांच्याबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञान मागितलं होतं. एकट्या कुणब्याच्या पोरासाठी नव्हे, शाळेसाठी मागितलं होतं. या देशात हाताच्या कामाचा कमीपणा जातीच्या उतरंडीतून आलेला आहे, आणि सगळी मुलं एका बाकावर बसून तेच काम करू लागल्याखेरीज तो जाणार नाही.

बडोद्याने याचा कडू धडाही पाहिलेला आहे. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. १९१७ मध्ये संस्थानाच्या नोकरीसाठी ते इथे परतले तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढल्यावर ते कमाटी बागेत झाडाखाली जाऊन बसले. राजाने शिष्यवृत्ती दिली, गावाने खोली दिली नाही. मी त्या बागेत रोज फिरायला जातो. सरकारी हुकूम कुठपर्यंत पोचतो आणि कुठे अडतो हे मला तिथे दर वेळी आठवतं. तंत्रशिक्षणाचंही तसंच आहे. कायदा आहे, योजना आहे, स्टायपेंड आहे. घराचं दार मात्र ‘तरी’ म्हणून अर्धंच उघडतं.

आता थोडे आकडे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच दिलेले आहेत. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार १९ ते २४ वयाच्या कामकरी तरुणांपैकी रीतसर व्यवसायशिक्षण घेतलेले आपल्याकडे ५ टक्क्यांहून कमी. अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६. प्रत्येक देशाची मोजण्याची रीत थोडी वेगळी असेल हे मान्य केलं, तरी पाच आणि पंच्याहत्तर यांतली दरी तेवढ्याने भरत नाही. आपला गवंडी, प्लंबर, वायरमन काम शिकतोच, पण उस्तादाच्या हाताखाली, चुकत-माकत, प्रमाणपत्राशिवाय. त्याचं कौशल्य खरं असतं, पण ते कागदावर नसल्यामुळे पगार वाढत नाही आणि नव्या यंत्रापुढे तो अडखळतो. त्याच धोरणात २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांची व्यवसायशिक्षणाशी गाठ पडावी असं ध्येय लिहिलं होतं. वाचणाऱ्यांनी आपल्या नात्यातल्या दहा मुलांची नावं मनात आणावीत आणि त्यातल्या किती जणांची अशी गाठ पडली ते मोजावं.

जर्मनीचं उदाहरण सगळे देतात. तिथे मुलगा आठवड्यातले काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस शाळेत असतो, कारखाना त्याच्यावर खर्च करतो आणि पुढे ‘माइस्टर’ झालेल्या कारागिराला समाजात मान असतो. हे आपण तसंच उचलू शकत नाही. इथल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत पाच-दहा माणसांची शेकडो युनिटं आहेत. त्यांचा मालक स्वतः लेथवर उभा असतो, तो मुलाला शिकवणार कधी आणि पगार देणार कुठून? अशा वीस-पंचवीस युनिटांनी मिळून एक चांगली प्रशिक्षण शेड चालवावी, यंत्रं सामाईक ठेवावीत, सरकारने इन्स्ट्रक्टरचा पगार द्यावा, हे इथे जमण्यासारखं आहे. मोठ्या कारखान्यांना मात्र सबब नाही. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेत असा नियम आहे. घेतातही. पण घेऊन काय करतात? माझी काही मुलं एका कंपनीत वर्षभर अप्रेंटिस होती. परत आली तेव्हा त्यांनी त्या वर्षात केलेल्या कामांची यादी मी लिहून घेतली होती. माल उचलणं, शेड झाडणं, चहा आणणं. यंत्राला हात लावायला मिळाला तो शेवटच्या महिन्यात, तोही रात्रपाळीला. वर्ष वाया गेलं त्या मुलांचं, आणि देशाच्या हिशेबात मात्र ती ‘प्रशिक्षित’ म्हणून नोंदली गेली.

बडोद्यात आज कामाची कमतरता नाही. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून आहे, जवळच्या सावली या गावी मेट्रोचे डबे तयार होतात, आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये इथे सी-२९५ या लष्करी विमानाच्या जुळणीचा कारखाना सुरू झाला. करारातल्या ५६ पैकी ४० विमानं इथे व्हायची आहेत. विमानाच्या पत्र्यातला एक रिव्हेट वाकडा बसला तर तो काढून पुन्हा बसवावा लागतो. रिफायनरीतल्या पाइपचा वेल्ड एक्स-रेमध्ये तपासतात, आत बुडबुडा दिसला तर तो सांधा कापून टाकतात. ४५ अंशांत तिरपा धरलेला पाइप चहूबाजूंनी वेल्ड करणारा हात तयार व्हायला काय लागतं, ते मी पाहिलेलं आहे. तो हात उरल्यासुरल्या मुलांतून, रिकाम्या राहिलेल्या इन्स्ट्रक्टरच्या जागांतून आणि वीस वर्षांपूर्वीच्या यंत्रांतून आपोआप निघेल असं धरून चालणं ही देशाची मोठी चूक आहे.

वरची वाटही आहे, हे लोकांना ठाऊकच नसतं. आयटीआय झाल्यावर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो, डिप्लोमानंतर डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. माझे काही विद्यार्थी त्या वाटेने इंजिनिअर झाले. पण बहुतेक जण डिप्लोमाच्या गणितात आणि इंग्रजी पुस्तकांत अडकतात. तिथे गज्जरांचा भाषेचा आग्रह मला पुन्हा आठवतो. या मुलांना सहा महिने त्यांच्या भाषेतून, त्यांच्याच लेथवरच्या उदाहरणांतून गणित शिकवणारा जोडवर्ग हवा. खर्च फार नाही. शिकवणारा मात्र असा हवा ज्याने स्वतः कधीतरी टेपर काढलेला आहे.

आणि आता आपल्याच घराबद्दल. आम्ही बडोद्याचे मराठी लोक गायकवाडांच्या मागोमाग इथे आलो. कुणी लष्करात, कुणी दफ्तरात, कुणी शाळेत, कुणी देवळात. लेखणीवर आमची पिढ्यान्‌पिढ्या चूल पेटली आणि लेखणी म्हणजेच अब्रू असं आम्ही धरून बसलो. माझे वडील कचेरीत कारकून होते. मी स्वतःहून आयटीआयला गेलो, गुण बरे असतानाही, यंत्रांचं वेड होतं म्हणून. दोन वर्षं ते नातेवाइकांना सांगत होते, “मुलगा इंजिनिअरिंगच्या लाइनला आहे.” त्यांचं माझ्यावर प्रेम होतं, यात मला कधी शंका आली नाही. पण मी काय शिकतो हे ते आपल्या भावालाही सांगू शकले नाहीत. ते वाक्य मी दाराआडून ऐकलं होतं आणि अजून विसरलेलो नाही. आज आमच्याकडे लग्न जमवताना ‘मुलगा कंपनीत आहे’ एवढंच सांगतात. कंपनीत काय करतो, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. माझ्या शेवटच्या बॅचमध्ये फिटरला दोन मुली होत्या, दोघींचे हात वर्गात सगळ्यांत स्थिर. त्यांच्या घरच्यांनी बायोडेटात ‘टेक्निकल कोर्स’ असं लिहिलं.

आमच्या मंडळात दर वर्षी गणपतीत गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. नव्वद टक्क्यांच्या वरच्या मुलांना शाल, श्रीफळ आणि एक पेन. मी गेल्या महिन्यात समितीला पत्र दिलं आहे. यंदा त्याच यादीत, त्याच मंचावर, वेगळा विभाग न करता, ट्रेडच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या आपल्या मुलामुलींची नावं घ्यावीत आणि नावापुढे ट्रेड पूर्ण वाचावा : फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, केमिकल प्लांट ऑपरेटर. पेनाऐवजी त्यांना चांगल्या प्रतीचा व्हर्नियर द्यावा, त्याचा खर्च मी करतो. समितीतल्या एका काकांनी विचारलं, टक्क्यांच्या यादीतल्या मुलांना वाईट नाही का वाटणार? मी म्हटलं, त्यांनाही एकेक व्हर्नियर द्या. अजून उत्तर आलेलं नाही. पाच नावं मी काढून ठेवली आहेत, त्यातलं एक टेपर काढणाऱ्या त्या मुलाच्या मुलीचं आहे. ती यंदा मशीनिस्टला पहिली आली.